कॅन्टीनला पुन्हा जा

पत्र

ताई, नमस्कार.

मी चाकणला एका कारखान्यात वेल्डिंग शॉपला लाइन इन्चार्ज आहे. आम्ही दुचाकीचे सायलेन्सर बनवतो. माझ्या हाताखाली ३१ माणसं आहेत. ९ परमनंट, बाकीचे कॉन्ट्रॅक्टचे आणि ट्रेनी. मी स्वतः आयटीआय करून हेल्पर म्हणून लागलो आणि १४ वर्षांत इथपर्यंत आलो. त्यामुळे पोरं मला साहेब म्हणत नाहीत, दादा म्हणतात.

दिवाळीनंतर शेड्यूल, म्हणजे गाडीवाल्या कंपनीची मागणी, पडायला लागलं. आधी ओटी (ओव्हरटाइम) बंद झाला, मग महिन्यातून दोन दिवस लाइन बंद. दीड महिन्यापूर्वी प्लांट हेडनी आम्हा चार इन्चार्जना केबिनमध्ये बोलावलं. एक लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवायचा विचार वर चालू आहे, अजून नक्की काही नाही, पण यातला एक शब्द बाहेर जाता कामा नये, असं सांगितलं.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. पोरं विचारतात, "दादा, खरं काय?" मी म्हणतो, "काही नाही रे, काम करा." आधी मी त्यांच्यासोबत कॅन्टीनला जेवायचो. आता डबा टेबलावरच खातो, कारण तिथे गेलं की तोच विषय निघतो. फोन शॉपमध्ये नेऊ देत नाहीत, लॉकरला असतात, पण जेवणाच्या सुट्टीत सगळे ग्रुपवर काय आलंय ते बघत बसतात. दोन चांगले वेल्डर सोडून गेले. रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, वाढलंय. जरा वातावरण हलकं व्हावं म्हणून एका गुरुवारी सगळ्यांना मिसळ खायला नेलं, तर एकजण म्हणाला, "दादा, ही निरोपाची पार्टी का?"

गेल्या आठवड्यात जेवणाची सुट्टी संपल्यावर वीसेक मिनिटांत एका कॉन्ट्रॅक्टच्या मुलाचा हात भाजला. नुकत्याच वेल्ड झालेल्या पाइपला त्याने उघडा हात लावला. चार वर्षं हेच काम करतोय, नवखा नाही.

खरं सांगितलं तर वरचे म्हणतील विश्वासघात केला. नाही सांगितलं आणि उद्या लाइन गेली, तर ही पोरं माझं तोंड बघणार नाहीत. बायको म्हणते, जगाचं राहू द्या, घराचा हप्ता बघा. मी काय करू?

– एक लाइन इन्चार्ज, चाकण

उत्तर

नमस्कार. तुमची माणसं तुम्हाला दादा म्हणतात, तर मीही तेच म्हणते.

दादा, तुम्ही दोन गोष्टी पत्रात लांब लांब लिहिल्यात. मला त्या अगदी शेजारी दिसतात. तुम्ही कॅन्टीनला जाणं बंद केलंत, ही एक. आणि जेवणाची सुट्टी संपल्यावर वीस मिनिटांत हात भाजला, ही दुसरी. मधल्या अर्ध्या तासात काय होतं, तेही तुम्हीच लिहिलंय: फोन लॉकरमधून बाहेर येतात. सकाळपासून दाबून ठेवलेला प्रश्न त्या अर्ध्या तासात उघडतो, ग्रुपवर कोणीतरी काहीतरी टाकलेलं असतं, आणि ज्याला विचारावं तो माणूस आपल्या टेबलावर एकटा डबा खात बसलेला असतो. मग भोंगा होतो आणि ती सगळी डोकी तशीच गरम पाइपांसमोर येऊन उभी राहतात.

तुमच्यामुळे हात भाजला, असं मी म्हणत नाही. पण गेल्या सहा महिन्यांचं फर्स्ट एडचं रजिस्टर काढा आणि नोंदींच्या वेळा बघा. जेवणानंतरच्या तासात गर्दी दिसली, तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. नाही दिसली, तर माझा अंदाज चुकला म्हणून सोडून द्या.

मी कारखान्यात २२ वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते. ५०० किंवा जास्त कामगार असले की असा अधिकारी नेमावाच लागेल, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम होतं. त्या कलमाने मला नोकरी दिली. शॉपमधली माणसं गमतीने म्हणायची, मॅडम, तुम्ही कल्याण करता की अधिकार गाजवता? तर त्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, जी मी कोणाला फारशी सांगत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कारखान्यातला प्रेस शॉप बंद करायचं घाटत होतं. मला ते माहीत होतं, पूर्ण नव्हे, तुमच्याइतकंच. शॉपमध्ये कुजबुज वाढली, तेव्हा वरून मला सांगण्यात आलं की एक सूचना लावा. मी लावली. 'कामगारांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' खाली माझी सही. तीन आठवड्यांनी कमी केलेल्यांची यादी लागली. ५० च्या पुढचे एक ऑपरेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. ते माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता शिव्या देतील. ते म्हणाले, "मॅडम, मधल्या पंधरा दिवसांत पोरीचं लग्न ठरवलं मी. सोसायटीचं कर्ज उचललं. तुमची नोटीस वाचली होती ना."

ते भांडले असते तर बरं झालं असतं.

तोपर्यंत मला वाटायचं, धीर देणं म्हणजे चार गोड शब्द बोलणं, त्यात कोणाचं काय जातं? त्या दिवशी कळलं की माणसं आपल्या शब्दावर घरातले निर्णय घेतात. तुमच्या ३१ जणांत आत्ता कोणीतरी फ्लॅटचं बुकिंग करायच्या बेतात असेल. कोणी गावाकडून बायको-मुलाला आणून पोराला जूनमध्ये इथल्या शाळेत घालायच्या विचारात असेल. कोणी गाडीचं डाऊन पेमेंट भरायला निघाला असेल. ते तुम्हाला "दादा, खरं काय?" विचारतात, तेव्हा त्यांना कंपनीचं धोरण नको असतं. हे करू का थांबू, एवढंच विचारायचं असतं. आणि तुमचं "काही नाही रे" म्हणजे त्या प्रश्नाला "कर, बिनधास्त" असं उत्तर होतं.

म्हणून माझं पहिलं आणि खरं तर एकच सांगणं: "काही नाही" हे शब्द उद्यापासून बंद. गुपित फोडायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही. या दोहोंच्या मध्ये उभं राहायला बऱ्यापैकी जागा आहे.

तुमच्या माणसांना काहीच माहीत नाही, असं धरून चालू नका. ओटी बंद झालेला त्यांनी पाहिलाय. डिस्पॅचला रोज किती गाड्या लागतात ते गेटवरचा वॉचमन सांगतो. इलेक्ट्रिक स्कूटरला सायलेन्सर नसतो, हे कळायला कोणाला प्रेझेंटेशन लागत नाही. २०१९ च्या मंदीत आणि पुढे १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू होताना या पट्ट्यातल्या लोकांनी बंद दिवस मोजलेले आहेत, त्यांना ही चिन्हं वाचता येतात. काम नसलं की पोरांना गँगवेचे, म्हणजे शॉपमधल्या चालायच्या वाटेचे, पिवळे पट्टे रंगवायला लावतात, हेही त्यातलंच एक चिन्ह. आमच्याकडे म्हणायचे, मशीनला रंग लागला की समजावं, पाहुणे तरी येणार किंवा मशीन तरी जाणार.

बोलायच्या आधी मात्र एकदा प्लांट हेडकडे जा. पोरांची कड घेऊन नको, तुमचं रजिस्टर घेऊन. दोन वेल्डर गेले, रिजेक्शन इतक्याचं इतकं झालं, एक अपघात झाला, ही भाषा त्या केबिनमध्ये ऐकली जाते. "लोकांना वाईट वाटतंय" या वाक्यावर तिथे चहा मिळतो, बाकी काही नाही. तीन गोष्टी विचारा. मी काय सांगितलेलं चालेल? निर्णय साधारण कधी होईल? आणि तो लोकांना कोण सांगणार, तुम्ही की मी? शेवटचा प्रश्न नक्की विचारा, कारण असली कामं कोणी ठरवलं नाही तर आपोआप खाली घरंगळत येतात आणि इन्चार्जच्या पायाशी थांबतात. ते म्हणतील, मलाच वरून काही कळत नाही. बहुतेक ते खरंही असेल. तेव्हा त्यांना स्वच्छ सांगा: सर, मी बातमी बाहेर नेणार नाही, पण कोणी विचारलं तर काही नाही, असंही म्हणणार नाही. हे आधी सांगून ठेवलंत की विश्वासघाताचा प्रश्न उरत नाही.

आणि परत येताना बाकीच्या तीन इन्चार्जना गाठा. चौघांनी तेच ऐकलंय. तुम्ही खरं बोललात आणि पलीकडच्या लाइनचा इन्चार्ज "काही नाही" म्हणत राहिला, तर संध्याकाळपर्यंत शॉपमध्ये चार बातम्या होतील आणि त्यातली सगळ्यात वाईट ती खरी ठरेल. चौघांचं एकमत होणार नाही कदाचित, एखादा घाबरेल. तरी सांगून ठेवा.

मग लाइनवर काय बोलायचं? मी असते तर शिफ्टच्या सुरुवातीला, मशिन चालू व्हायच्या आधी, पाच मिनिटं घेतली असती. साधारण असं:

"तुम्ही मला विचारत होतात आणि मी काही नाही म्हणत होतो. ते चुकलं माझं. शेड्यूल कमी झालंय, ते तुम्हाला दिसतंय. पुढे या लाइनचं काय करायचं, यावर वर चर्चा चालू आहे. निर्णय झालेला नाही. चर्चेतलं सगळं मला माहीत नाही आणि जे माहीत आहे, ते सगळं सांगायची मला मुभा नाही. ज्या दिवशी मुभा मिळेल त्या दिवशी मी सांगेन, फोनवर नाही, इथे उभा राहून. तोवर दर शुक्रवारी सकाळी पाच मिनिटं मी याच जागी बोलणार. नवीन काही नसेल तर नाही म्हणून सांगणार. मोठं कर्ज काढायचं असेल, मोठा खर्च करायचा असेल, तर माझ्या भरवशावर काढू नका."

शेवटचं वाक्य म्हणताना तुमचा घसा दाटेल. ते वाक्य गाळू नका. मामांना मी तेवढंच एक वाक्य सांगितलं असतं, तरी पुरलं असतं.

शुक्रवार का, तेही सांगते. तुमच्याकडे गुरुवारी सुट्टी. अर्धवट बातमी बुधवारी संध्याकाळी दिली तर ती पूर्ण एक दिवस घरोघर, खोल्याखोल्यांवर मुरते आणि शुक्रवारी तुमच्याकडे ओळखू न येणाऱ्या रूपात परत येते. शुक्रवारी सकाळी बोललात तर पुढचे सहा दिवस तुम्ही समोर असता, ज्याला जे विचारायचं ते विचारतो. आणि एकदा शुक्रवार म्हटलं की शुक्रवार. ऑडिट असो, कस्टमरची व्हिजिट असो. चार शुक्रवार सलग "या आठवड्यात नवीन काही नाही" म्हणालात ना, की पाचव्या शुक्रवारी त्याच शब्दांना किंमत येते. आत्ता ते शब्द फसवे आहेत, तेव्हा ते खरे असतील.

तारीख ठरलेली असणं किती मोठं असतं, ते मी घरात पाहिलंय. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, त्यातले ते एक. आज मिटेल, पुढच्या सोमवारी मिटेल, असं रोज कोणीतरी येऊन सांगायचं. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. वडील दोन वर्षं अधूनमधून गिरणीच्या गेटपर्यंत जाऊन यायचे. गावाला जाऊन शेती बघावी की इथे थांबावं, हे ते ठरवू शकले नाहीत, कारण नाही असं कोणी म्हटलंच नाही. वाईट बातमी माणूस पचवतो हो. ताटकळत ठेवलेला माणूस काहीच करू शकत नाही.

काही वाक्यं मात्र तोंडातून येऊ देऊ नका. "कोणाची नोकरी जाणार नाही" हे वचन तुमच्या खिशातलं नाही. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हेही नको. कुटुंबात शेड्यूल पडलं म्हणून कोणाला कमी करत नाहीत, आणि ही गंमत कॉन्ट्रॅक्टच्या पोराला सगळ्यात आधी कळते. मिसळीबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही, मन मोठं आहे तुमचं, पण न बोलता खायला घातलं की माणसं घासाघासाला अर्थ शोधतात. बोला, मग खायला न्या. मग ती फक्त मिसळ राहील.

आता कागदांकडे येते. इथे तुम्ही खरंच काही करू शकता, आणि यात कोणाचं गुपित फुटत नाही.

तुमच्या ३१ जणांचं नशीब सारखं नाही. ते सारखं आहे असं दाखवणं हा सुद्धा खोटेपणाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी लागते. जुन्या कायद्यात हा आकडा १०० होता. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात केली तर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो, शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा त्या बदल्यात पगार. ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात नोटीस तीन महिन्यांची. त्या त्या वर्गात शेवटी लागलेला सहसा आधी जातो. वर्तमानपत्रं हल्ली नोकरी जाण्याला सरसकट ले-ऑफ म्हणतात, पण कारखान्याच्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं बसवून ठेवणं, आणि त्या दिवसांचे साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मे पैसे मिळतात. दोन दिवस लाइन बंद असते तेव्हा तुमच्याकडे ते दिवस कशात धरतात, रजेत की ले-ऑफमध्ये, हे एचआरला विचारून ठेवा. ग्रॅच्युइटी परमनंटला ५ वर्षांनी लागते, ठरावीक मुदतीवर नेमलेल्याला नव्या संहितेत एका वर्षाच्या सेवेवरही मिळते. तुमच्या कारखान्याला नेमकं काय लागू होतं, ते युनियन असेल तर युनियनकडून, नसेल तर सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयातून कळेल. कारखान्यातल्या वकिलाच्या चुलतभावाकडून नको.

कॉन्ट्रॅक्टच्या मुलांचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो, त्यामुळे यातलं बरंचसं त्यांच्यापर्यंत पोहोचताना पातळ होतं. त्यांच्यासाठी एक काम करा. जेवणाच्या सुट्टीत फोन हातात असतोच, तर त्याच फोनवर प्रत्येकाला पीएफचं पासबुक उघडायला लावा. दर महिन्याचे पैसे भरलेत का? नाव आधारवर आणि पीएफला सारखं आहे का? एका अक्षराच्या फरकाने पैसे महिनोन्‌महिने अडकलेले मी पाहिलेत. ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग तर चार माणसं चार तऱ्हेने करतात. वारस नोंदवलाय का? बऱ्याच जणांनी लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असतं. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे त्यांचं ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, चालू असायला हवं. त्यात नोकरी गेल्यावर, अटी पूर्ण होत असतील तर, ९० दिवसांपर्यंत भत्ता मिळायची अटल बीमित व्यक्ती कल्याण नावाची योजना आहे; ती आत्ता चालू आहे का, ते ईएसआयसीच्या कार्यालयात विचारून घ्या. ती कोणाला माहीत नसते, कारण ती सांगायचं काम माझ्यासारख्यांचं होतं आणि आम्ही अफवांच्या नोटिसा लावत बसलो.

हे सगळं बसवायला तुम्हाला दोन-तीन आठवडे लागतील. पण ग्रुपवरच्या फॉरवर्डपेक्षा हातातलं पासबुक बघत बसलेली माणसं भोंगा झाल्यावर जरा वेगळ्या डोक्याने मशिनवर येतात.

जे दोघे गेले त्यांच्याबद्दल कडवट होऊ नका. आणखी जातील. कोणी सांगायला आला, दादा, मला दुसरीकडे बोलावलंय, तर त्याला अडवू नका. अनुभवाचं पत्र मिळवून द्या. फक्त परमनंट असेल तर एवढं सांगा, की स्वतःहून राजीनामा दिला तर कपातीची भरपाई मिळत नाही, तेव्हा हिशेब करून ठरव. आणि बंद दिवसांत पट्टे रंगवण्याऐवजी चार जणांना रोबोटचं टीचिंग, म्हणजे वेल्डिंगच्या रोबोटला हालचाली ठरवून द्यायचं काम, शिकवा, असं मागा. वेल्डिंग सायलेन्सरपुरतं नसतं. गाडी इलेक्ट्रिक झाली तरी तिची चौकट वेल्डच करावी लागते. ज्याच्या हातात सीओटू वेल्डिंगसोबत रोबोट चालवायची कला आहे त्याला चाकणला नाही तर रांजणगावला, तिथे नाही तर संभाजीनगरच्या वाळूजला विचारणारे भेटतात. प्लांट हेडनाही हे मान्य व्हायला हरकत नाही, त्यात खर्च फारसा नाही.

आणखी एक प्रसंग येऊ शकतो, त्याची तयारी आत्ताच ठेवा. निर्णय वाईट झाला, तर कधी कधी इन्चार्जला सांगतात की तुझं ऐकतात, तू त्यांच्याकडून स्वेच्छेचे राजीनामे लिहून घे. तेव्हा "दादा" या शब्दाची किंमत वसूल केली जात असते. नाही म्हणा. हात जोडून म्हणा, पण नाही म्हणा. सर, हे एचआरचं काम आहे, मी हजर राहीन, कागद मी पुढे करणार नाही. माझ्या २२ वर्षांत हे काम करणारे इन्चार्ज मी पाहिलेत. पुढच्या फेरीत त्यांच्याही पुढे कागद आलाच.

कारण दादा, तुम्ही स्वतः कुठे उभे आहात, ते बघितलंत का? औद्योगिक संबंध संहितेत सुपरवायझरचं काम करणारा आणि महिन्याला १८ हजारांहून जास्त पगार घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. म्हणजे वर मी भरपाईचं जे काही लिहिलं, ते तुमच्या ९ परमनंट माणसांना आहे, तुम्हाला बहुधा नाही. तुमच्या हक्काचं जे आहे ते तुमच्या नेमणूक पत्रात. ते ट्रंकेत कुठेतरी असेल, काढा आणि नोटीस पिरियडची ओळ वाचा. तुमची बायको चुकीचं बोलत नाहीत. फक्त घराचा हप्ता आणि पोरांशी खरं बोलणं यात त्यांना जो सामना दिसतो, तो मला दिसत नाही. त्यांच्याशी मात्र सगळं बोला. केबिनमध्ये तोंड बंद ठेवायला सांगितलं ते शॉपपुरतं होतं, घरापुरतं नव्हे. सहा महिन्यांचे हप्ते निघतील इतके पैसे बाजूला कसे पडतील, हे दोघांनी मिळून एका गुरुवारी कागदावर मांडा. रात्रीची झोप निम्मी तरी परत येईल. उरलेली निम्मी पहिल्या शुक्रवारनंतर.

शॉपमध्ये हे थोडे दिवस चालेल, काही दिवशी तुम्ही चिडाल, कोणीतरी तुमचं बोलणं जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवर टाकेल. टाकू दे. त्यात खोटं काही नसेल तर वाचणाऱ्याला काय सापडणार? टार्गेट मात्र खाली आणून मागा. गेलेल्या दोघांचंही काम उरलेल्यांकडून घेताय तुम्ही, तेही अशा मनस्थितीत. जेवणानंतरची पहिली पंधरा मिनिटं नवीन सेटिंग काढू नका, ग्लोव्ह आणि क्लॅम्प स्वतः बघत लाइनवरून एक फेरी मारा.

आणि डबा घेऊन उद्या कॅन्टीनला जा. पहिल्या दिवशी टेबलावर शांतता पसरेल. बसा तसेच. लोणचं मागा कोणाकडे तरी.

ता. क. – तो हात भाजलेला मुलगा. त्याच्या अपघाताची रजिस्टरला नोंद झाली का, की कॉन्ट्रॅक्टचा म्हणून बाहेरच्या दवाखान्यात मलम लावून आणला? ४८ तास किंवा जास्त काम करता आलं नाही, तर असा अपघात सरकारला कळवावा लागतो, आणि नोंद असेल तरच ईएसआयसीकडून त्याला बुडालेल्या दिवसांचे पैसे मिळायची वाट मोकळी होते. तो खोली करून राहत असेल, तर एका हाताने स्वयंपाक कसा करतोय कोण जाणे. तुम्ही त्याला भेटायला गेलात का, हे पत्रात नाही. नसाल गेला, तर या गुरुवारी जा.